रेंजरचं घर

जंगलातल्या जुन्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात एक टेबल असतं आणि टेबलावर जाड पुठ्ठ्याची नोंदवही. शेजारी पाण्याचा माठ, कोपऱ्यात काचेला काजळी धरलेला कंदील, वर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर. वहीत रकाने आखलेले असतात: नाव, हुद्दा, कुठून आले, कुठं निघाले, मुक्काम किती रात्रींचा. शेवटचा रकाना सर्वांत रुंद, शेऱ्याचा. बहुतेक पाहुणे तिथं खानसाम्याच्या हाताची तारीफ करून सही करतात. पण पानं उलटत गेलं की मध्येच एखादं अक्षर थांबवतं. बारीक, सरळ, बिनघाईचं. पाणवठ्यावर गवे किती वाजता उतरले, वारा कुठून होता, मोहाचं पहिलं फूल कधी पडलं, असं त्यात लिहिलेलं असतं. एका रात्रीच्या पाहुण्याला हे दिसत नाही. लिहिणारा बहुधा तिथलाच असतो, विश्रामगृहापासून हाकेच्या अंतरावर क्वार्टरमध्ये राहणारा. कागदोपत्री तो वनक्षेत्रपाल. गावात त्याला रेंजरसाहेब म्हणतात.

त्याच्या घराकडं कुणी फारसं बघत नाही. पर्यटक वाघ बघायला येतो, साहेब तपासणीला येतात, आणि दोघंही विश्रामगृहाचे फोटो काढून जातात. पण जंगल कुणाच्या डोळ्यांनी वर्षभर पाहिलं गेलं असेल, तर त्या मागच्या दोन-तीन खोल्यांत राहणाऱ्या माणसाच्या.

ही घरं उभी राहिली ती जंगलाच्या प्रेमापोटी नव्हे, हे स्वच्छ सांगायला हवं. १८६४ साली डिट्रिच ब्रँडिस या जर्मन वनशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात वनखातं सुरू केलं. रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर हवे होते, जहाजांना सागवान हवं होतं. १८७८ साली डेहराडूनला रेंजर घडवणारी शाळा निघाली. लाकडाची राखण करायची तर राखणदाराला जंगलात मुक्काम हवा, म्हणून एका दिवसाच्या चालीवर, घोड्याच्या मजलीवर बंगले आणि चौक्या बांधल्या गेल्या. कूप आखायचे, तोडीच्या झाडांवर हातोड्यानं शिक्के मारायचे, चोरटी तोड पकडायची, उन्हाळ्याआधी जाळरेषा मोकळ्या करायच्या, हे त्या घरातल्या माणसाचं काम. सरकारला त्याच्याकडून घनफुटांचा हिशेब हवा होता. तोही तो देत होता.

पण माणूस एकाच झाडाखालून रोज गेला की त्या झाडावर कोण राहतं हे त्याला कळू लागतं. हिशेब ठेवता ठेवता काहीजणांचे डोळे उघडले. सगळ्यांचे नाही. कित्येक रेंजर बदलीची वाट बघत आले आणि बदलीची वाट बघतच गेले. त्यांनाही दोष देता येत नाही. किराणा आठवड्याच्या बाजाराला, तोही दहा कोसांवर. पावसाळ्यात नाला फुगला की दवाखाना तुटला. मुलं शिकायला आजोळी किंवा तालुक्याला. त्या घरात खरा वनवास कुणी काढला असेल तर रेंजरच्या बायकोनं. नवरा आठ-आठ दिवस फिरतीवर असे आणि ती कौलांवर उड्या मारणाऱ्या वानरांच्या आवाजात, कुडाच्या मागं काही खसखसलं तर कान देत, लहान पोरांना घेऊन राहत असे. वनखात्याच्या इतिहासाची पुस्तकं आहेत. या बायकांनी काय पाहिलं, त्याची पुस्तकं जवळपास नाहीत. मराठीत ती व्हायला हवी होती.

ज्यांचे डोळे उघडले त्यांतला एक माणूस सोलापूरचा होता. मारुती चितमपल्ली. ५ नोव्हेंबर १९३२ चा जन्म. घर तेलुगू बोलणारं, गाव गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारं, आणि जिल्हा असा की तिथं जंगल म्हणून दाखवायला काही नाही. काळ्या रानाच्या कडेला मुरमाड माळ, माळाच्या पोटातून जाणारे ओढे, ओढ्याकाठी बोरी, बाभळी, हिवर. पावसाची सरासरी धरली तरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पुढं फारशी जात नाही. अशा ठिकाणी आईचं बोट धरून आणि मामाच्या मागं हिंडून या मुलानं पाखरं ओळखायला सुरुवात केली. पुढं दयानंद महाविद्यालयात शिकून तो १९५८ साली कोइमतूरच्या वन महाविद्यालयात गेला आणि १९६० साली वनाधिकारी होऊन बाहेर पडला. झाडांचं दुर्भिक्ष असलेल्या जिल्ह्यातून आलेल्या माणसानं मराठीला जंगल दिलं, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानानं सांगावी अशीच आहे.

त्यांची नोकरी म्हणजे घरांची एक लांबलचक रांग. ढेबेवाडी, महाबळेश्वर, पुणे, गोंदिया, नांदेड, नागपूर, अमरावती. कर्नाळा पक्षी अभयारण्य, नवेगावबांध, नागझिरा आणि शेवटी मेळघाट. १९९० साली मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे उपसंचालक म्हणून ते निवृत्त झाले. या घरांपैकी एकही त्यांचं स्वतःचं नव्हतं. सामान बांधायचं, पुढच्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या, नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. मात्र प्रत्येक घरातून त्यांनी वह्या भरून नेल्या. मराठी वाचकाला त्यांचं जे काही मिळालं, ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि ‘चकवाचांदण’, ते सगळं या सरकारी खोल्यांतल्या वह्यांवर उभं आहे.

नवेगावबांधचं उदाहरण थोडं सावकाश पाहण्यासारखं आहे. तिथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगतात. भोवती सात टेकड्या, मध्ये पाणी, आणि हिवाळ्यात पाण्यावर दूरदेशीची बदकं. १९७५ साली हे राष्ट्रीय उद्यान झालं. चितमपल्ली तिथं अधिकारी म्हणून गेले आणि शिकाऊ होऊन राहिले. गावात माधवराव पाटील डोंगरवार नावाचे जुने गृहस्थ होते. जंगलाची, तळ्याची, पाखरांची त्यांना इतकी माहिती की साहेब त्यांच्याकडं जाऊन बसत. तळ्यावर जाळी टाकणारे ढिवर, रानातून डिंक-मोह वेचणारे गोंड, यांच्या तोंडून पाखरांची नावं, त्यांच्या सवयी, त्यांच्याभोवतीच्या समजुती टिपल्या गेल्या. त्यांतली प्रत्येक समजूत शास्त्राच्या कसोटीला उतरेल असं नाही, आणि चितमपल्लींच्या लेखनावर या बाबतीत आक्षेप घेणारे जाणकारही आहेत. आक्षेप रास्त आहे. तरी ती नोंद झाली नसती तर ते शब्द त्या म्हाताऱ्यांबरोबर गेले असते, एवढं नक्की. रेंजरच्या घराचा दरवाजा दोन्हीकडं उघडतो, एक खात्याकडं आणि एक गावाकडं. चितमपल्लींनी गावाकडचा दरवाजा कधी लावला नाही.

नवेगावच्या शेजारचं नागझिरा हे तर मराठी साहित्यातलं एक गावच झालं आहे. तिथल्या तळ्याकाठच्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षं वीज नव्हती, आणि ती नव्हती म्हणूनच रात्र पूर्ण मिळत असे. व्यंकटेश माडगूळकर तिथं मुक्कामाला गेले. सोलापूरच्या सांगोल्याला लागून असलेल्या माणदेशातला हा माणूस, मेंढरांच्या आणि करडांच्या मुलखात वाढलेला. त्यानं पूर्वेच्या त्या रानात बसून ‘नागझिरा’ लिहिलं. त्यात थरार फार नाही. पहाटे उठून पायवाटेनं जाणं, तळ्याकाठी बसून राहणं आणि जे येईल ते बघणं आहे. पुढं किरण पुरंदरे यांनी त्याच रानात ४०० दिवस काढले आणि ‘सखा नागझिरा’ लिहिलं. दोघंही खात्याचे नोकर नव्हते, पण त्यांनी केलं ते रेंजरचंच काम: राहणं.

जंगलात राहणं आणि जंगलात जाणं यांत फरक आहे. जाणारा अपेक्षा घेऊन जातो. राहणाऱ्याची अपेक्षा दोन-चार महिन्यांत गळून पडते, मग तो बघू लागतो. एक साधं घर, जिथं भात शिजतो, कपडे वाळतात, अंगणात कडुनिंबाचा पाला पडतो, ते याच्यासाठी लागतं. तंबूत हे होत नाही आणि जिप्सीच्या मागच्या बाकावर तर अजिबात नाही.

सातासमुद्रापार, न्यू मेक्सिकोतल्या ट्रेस पिएद्रास नावाच्या वस्तीत असंच एक घर आहे. आल्डो लिओपोल्ड हा येलमधून वनशास्त्र शिकून १९०९ साली अमेरिकेच्या वनखात्यात लागला आणि विशीतच कार्सन राष्ट्रीय वनाचा प्रमुख झाला. १९१२ साली त्याचं एस्टेला बेर्गेरे हिच्याशी लग्न झालं. तिच्यासाठी त्यानं खात्याच्या पैशांतून एक घर बांधून घेतलं. समोर रिओ ग्रांदेचं खोरं, पलीकडं बर्फाचे डोंगर, आणि पुढं मोठा व्हरांडा. घराचं नाव ‘मी कासिता’, माझं छोटंसं घर. संसार मात्र तिथं जेमतेम काही महिने टिकला. १९१३ च्या वसंतात फिरतीवर असताना तो गारा-पावसात सापडला, ओल्या अंथरुणात झोपला, मूत्रपिंडाच्या विकारानं मरणाच्या दारातून परत आला आणि त्या घरी पुन्हा राहायला काही जाऊ शकला नाही.

तरी ते घर जपलं गेलं. अमेरिकेनं ते ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत घेतलं, डागडुजी केली, आणि आता निसर्गावर लिहिणाऱ्यांना तिथं काही आठवडे राहायला बोलावतात. लिओपोल्डची खरी गोष्ट या घराच्याही आधीची आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ॲरिझोनात त्यानं सोबत्यांसह एका लांडगिणीवर गोळ्या झाडल्या. लांडगे कमी झाले की हरणं वाढतील, असा तेव्हाचा खात्याचा हिशेब होता. मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांत विझत जाणारी हिरवी आग त्यानं जवळून पाहिली. त्यावर लिहायला त्याला पस्तीस वर्षं लागली. १९४८ साली तो गेला आणि पुढच्या वर्षी ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ आलं. लांडगा नसलेल्या डोंगरावर हरणं मातली की डोंगर बोडका होतो, हे त्यात आहे. रेंजर जगला, पाहत राहिला, आपलं मत बदललं आणि ते लिहून ठेवलं. एका खात्याला यापेक्षा मोठी मिळकत काय असते?

लांडग्याची गोष्ट निघाली की सोलापूरकराला दूर जावं लागत नाही. शहरातून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर गेलं की नान्नज लागतं. तिथलं अभयारण्य माळढोकाच्या नावानं आहे, पण त्या गवतात लांडगाही राहतो, खोकड राहतं, काळविटांचे कळप चरतात. १९९० च्या दशकात अभ्यासकांनी इथल्या लांडग्यांच्या मागं फिरून त्यांचं खाणं, त्यांच्या बिळांच्या जागा आणि धनगरांशी असलेलं नातं समजून घेतलं. वाड्यावरचं एखादं मेंढरू लांडग्यानं उचललं तर तो त्याचा वाटा, असं मानणारे धनगर दख्खनच्या माळावर आजही भेटतात. लिओपोल्डला जे पस्तीस वर्षांनी लिहिता आलं, ते या माणसांच्या संसारात आधीपासून होतं.

नान्नजला सागाच्या रांगा नाहीत, कौलारू जुना बंगला नाही. खात्याचं साधं विश्रामगृह, निरीक्षणाचा मनोरा, पाणवठे, पाखरांना चाहूल न लागता बसण्यासाठी लपण, आणि नान्नज-मार्डीच्या बाजूला कुरणाचे राखलेले तुकडे. पहिल्यांदा येणारा विचारतो, जंगल कुठं आहे? तो ज्यावर उभा असतो तेच. कुसळी, पवन्या, मारवेल. पावसाळ्यात गुडघाभर हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी, चैत्रात करडं. त्यात धाविक पळतो, चंडोल उभा वर जाऊन गातो, माळटिटवी अंड्यांवरून उठते, थंडीत दूर उत्तरेकडून आलेले भोवत्ये गवतावरून तरंगत जातात. हे बघायला झाडावर नव्हे, जमिनीवर नजर ठेवावी लागते.

माळढोकाचं घर म्हणजे जमिनीवरचा एक उथळ खळगा. मीटरभर उंचीचा हा पक्षी, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर, मुरमात. पाऊस सुरू झाला की नर गळ्याची पिशवी फुगवून खाली लोंबती सोडतो आणि असा खर्जातला हुंकार काढतो की तो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो. कोणे काळी या माळांवर तो हुंकार इतका सर्रास होता की शिकाऱ्यांना नेम धरायला कष्ट पडत नसत. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रजानं १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत शेजारच्या नगर भागात ९६१ माळढोक मारले. हा आकडा आज माहीत आहे, कारण मारणाऱ्यानं तो मोजला. जे मोजलं जातं ते उरतं, हे खरं, पण इथं फक्त आकडा उरला.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा झाली तेव्हा सालिम अलींचा कौल माळढोकाला होता. पक्षी दुर्मिळ होत चाललाय, मान मिळाला तर वाचेल, असा त्यांचा विचार. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोक मात्र गवतातच राहिला, आणि सोलापूरच्या माळावर तो अजून आहे हे १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्या इथल्या माणसांनी लोकांपुढं आणलं. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून कुरणाचे तुकडे राखले गेले, आणि १९७९ साली अभयारण्य झालं. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! सगळा सोलापूर जिल्हाच १४,८९५ चौरस किलोमीटरचा. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, पलीकडं कर्जत, श्रीगोंदा, नेवासा. या रेषेच्या आत गावं होती, शेतं होती, विहिरी आणि बाजार होते.

कागदावरच्या त्या रेषेनं माळढोकाचं भलं झालं की नुकसान, यावर नान्नजच्या पारावर आजही वाद होईल. जमिनीचे व्यवहार अडले, रस्ते-कारखाने अडले, आणि ज्याला शेतकरी पूर्वी ज्वारीच्या ताटातून कौतुकानं बघत होता, त्या पक्ष्याच्या नावानं तो बोटं मोडू लागला. पुढं न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर उशीर झाला होता. एखाद्या पाखराला शत्रू ठरवायला माणसांना वेळ लागत नाही. मैत्रीला पिढ्या लागतात.

नान्नजची शेतीही याच काळात पालटली. हे गाव द्राक्षांचं. इथल्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन जातीतून निवडून वाढवलेलं ‘सोनाका’ देशभर गेलं. ‘माणिक चमन’ही याच भागातलं. दुष्काळी माळावर माणसानं कष्टानं उभी केलेली ही बाग बघून कुणालाही आनंद व्हावा. तिथं पूर्वी करडई, तूर, हरभरा, ज्वारी होती, त्यातले किडे-नाकतोडे आणि दाणे माळढोक खात असे. तारांचे मांडव, विजेच्या तारा, फवारणी यांत त्याला जागा राहिली नाही. समोरचं नीट न दिसणारा हा जड पक्षी उडता उडता विजेच्या तारांवर आदळतो, हे राजस्थान-गुजरातेत वारंवार दिसून आलं आहे. शेतकऱ्याचा दोष काढायचा नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच जमिनीवर घडल्या हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

आणि एक चूक घरातलीच. वन म्हणजे झाडं, ही समजूत वनखात्याच्या हाडात होती. डेहराडूनपासून ती आली. माळावर झाडं नाहीत म्हणजे माळ उजाड, म्हणून गवताळ तुकड्यांत ग्लिरिसिडियासारखी परकी झाडं लावली गेली. हेतू चांगला होता. माळढोकाला मात्र दूरवर नजर पोचणारं मोकळं रान लागतं. झाडांची भिंत उभी राहिली की तो ते रान सोडतो. अभ्यासकांनी हे वेळोवेळी लिहिलं. इथं माळावर राहणाऱ्या माणसाचं महत्त्व कळतं. जो गार्ड चार पावसाळे या गवतात काढतो, त्याला नर कुठल्या उंचवट्यावर उभा राहतो हे तोंडपाठ असतं. तिथं खड्डे खणा म्हणणारा कागद मुख्यालयातून आला, तर तो सांगू शकतो की नका खणू. त्याचं ऐकलं जाईल की नाही हा पुढचा प्रश्न. आधी तो तिथं असायला हवा.

गेल्या काही वर्षांत नान्नजला माळढोक दिसणं म्हणजे बातमी झाली आहे, आणि बातमी बहुधा एकट्या मादीची. देशात दीडशेच्या आत पक्षी उरले असावेत, बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटात. तिथं सम या ठिकाणी २०१९ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम सुरू आहे, नंतर रामदेवऱ्यालाही केंद्र झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. या पिल्लांची पिल्लं कधीतरी मोकळ्या रानात सोडली जातील. तेव्हा रान लागेल. सोलापूरचं गवत त्या दिवसासाठी राखायचं आहे, पक्षी दिसो न दिसो. पाहुणा येईपर्यंत घर झाडून ठेवण्यासारखं हे काम आहे, आणि ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

आता गस्तीला मोबाइल आला. व्याघ्र प्रकल्पांत ‘एम-स्ट्राइप्स’ नावाची प्रणाली आहे. वनरक्षक कुठून किती चालला, कुठं पाऊलखूण दिसली, ते फोनमध्ये नोंदलं जातं. चांगली गोष्ट आहे. चोरी पकडायला, खोट्या गस्ती थांबवायला ती हवीच. पण यंत्रात भरायच्या चौकटी ठरलेल्या असतात. यंदा बोरीला बहर उशिरा आला, भोवत्ये थांबले नाहीत, वाडा नेहमीच्या जागी बसला नाही, धनगर सांगत होता की ओढ्याचं पाणी चव बदलतंय, हे कुठल्या चौकटीत लिहायचं? शेऱ्याचा तो रुंद रकाना यंत्रालाही द्यायला हवा. आणि लिहिणाऱ्याला लिहिण्याइतकी उसंत.

चितमपल्ली शेवटची वर्षं सोलापुरात होते. २००६ साली याच शहरात भरलेल्या ७९ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एका वनाधिकाऱ्याला हा मान मिळाला, तोही त्याच्या जन्मगावी. उतारवयात त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, हंसदेवाच्या ‘मृगपक्षिशास्त्रा’च्या मराठी अनुवादाचं काम केलं, ‘पक्षिकोश’ केला. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला, ब्याण्णव्या वर्षी, सोलापुरात त्यांचं निधन झालं. त्यांनी ज्या सरकारी घरांतून लिहिलं, त्यांपैकी किती उभी आहेत, कितींच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी आहे? अमेरिकेनं न्यू मेक्सिकोतल्या एका खेड्यात लिओपोल्डच्या काही महिन्यांच्या मुक्कामाचं घर सांभाळलं. महाराष्ट्राच्या वनखात्याकडं चितमपल्लींच्या नोकरीची तीस वर्षं आहेत. नवेगावबांधला, मेळघाटात, जिथं ते राहिले त्यांतली एक वास्तू शोधून तिथं लिहिणाऱ्यांना, चित्रं काढणाऱ्यांना, पक्षी मोजणाऱ्या पोरापोरींना महिना-महिना राहू द्यावं. खर्च फार नाही. पुतळ्यापेक्षा तर नक्कीच कमी.

दुसरी विनंती सोलापुरातल्या, आणि कुठल्याही गावातल्या, अशा घरांना ज्यांत कुणी वनरक्षक, वनपाल, रेंजर होऊन गेला. माळ्यावरच्या ट्रंकेत त्याच्या फिरतीच्या डायऱ्या असतील. त्या रद्दीत घालू नका. त्यांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या ओढ्याला किती दिवस पाणी होतं, कुठल्या माळावर किती हरणं होती, हे सापडू शकतं, आणि ते दुसरीकडं कुठंच सापडणार नाही. घरातल्या आई-आज्या हयात असतील तर त्यांनाही विचारा. क्वार्टरमधल्या रात्री त्यांच्या लक्षात असतील.

आणि सर्वांत आधीची मागणी सरकारकडं. जंगलातला आणि माळावरचा वनरक्षक नेमणुकीच्या जागीच राहावा असं वाटत असेल, तर त्याला राहण्याजोगं घर द्या. पक्कं छप्पर, प्यायचं पाणी, बाईमाणसाला सुरक्षित न्हाणीघर, मुलांना शाळेपर्यंत नेणारी गाडी. महाराष्ट्राच्या वनखात्यात आता मोठ्या संख्येनं मुलीही वनरक्षक म्हणून येत आहेत. त्यांच्यासाठी तर हे आजच हवं. रिक्त जागा भरा, आणि नान्नजसारख्या ठिकाणी नेमलेल्या माणसाला माळ ओळखू येईपर्यंत तिथून हलवू नका.

वाचकांपैकी कुणाला या हिवाळ्यात सोलापूरला जायचं झालं, तर एक सकाळ नान्नजसाठी ठेवा. परवानगी काढून जा, गाडी रस्त्यावर सोडा, गवतात शिरू नका. तिथल्या गार्डला माळाबद्दल विचारा, आणि तो सांगेल ते घरी येऊन लिहून ठेवा.